४ महिन्यांच्या बाळासाठी कॅरियर: गोव्याच्या उकाड्यात कोणता घ्यावा?

फोंडा: बाळ ४ महिन्यांचं, वजन ६ किलो, मान अजून थोडी डुलते. बाजार आणि देवदर्शनासाठी कॅरियर, म्हणजे बाळाला छातीशी बांधून न्यायची पट्ट्यांची झोळी, हवा आहे. कापड कुठलं बरं? तोंड पुढे करून बसवलं तर चालेल? आणि स्कूटरवर?

म्हापसा: ताई, आधी बैठक बघा. बुडाखालचं कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत मांड्यांना आधार देणारं हवं आणि गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर. अरुंद पट्टीवर पाय सरळ लोंबकळले की खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. मान पक्की होईपर्यंत तोंड तुमच्याकडेच. हनुवटी छातीला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटं मावलीच पाहिजेत, नाहीतर श्वास कोंडतो. मान वाकवून टाळूचा पापा घेता येईल इतकं वर बांधा. अंगावर पाजलंत तर नंतर पुन्हा वर घ्या, हे हमखास राहून जातं.

मडगाव: कंबरपट्टा आधी, कमरेच्या हाडावर घट्ट, खांद्याचे पट्टे नंतर. खांदे दुखले तर कंबरपट्टा सैल आहे. पातळ सुती किंवा जाळीचं कापड घ्या, आत एकच झबलं. मानेमागे हात लावून घाम बघत राहा. जाड पॅडिंग पावसाळ्यात लवकर वाळत नाही, बुरशी धरते.

म्हापसा: स्कूटरवर अजिबात नको! पडल्यास बाळ तुमच्या अंगाखाली चेपेल. चारचाकीतही कॅरियर नको, बाळाची वेगळी कारसीटच. आणि खाली वाकायचं ते गुडघ्यातून, एक हात बाळाच्या पाठीवर ठेवून.