जनरेटर ठेवताना टाकीत पेट्रोल असावे का?

पावसाळा संपला की टाकी काठोकाठ भरून जनरेटर झाकून ठेवावा, म्हणजे आतून गंज चढत नाही, हा सल्ला जुन्या पेट्रोलसाठी ठीक होता. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणातल्या दमट हवेत ते पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसू शकते, आणि कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागात) उरलेले पेट्रोल उडून गेले की मागे राहणाऱ्या चिकट थराने जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचे, सुईच्या टोकाएवढे भोक बुजते. म्हणून टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढावेत. शेवटी इंजिन सुरू करायची दोरी हळूहळू ओढून जिथे जड लागेल तिथे थांबावे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असल्याने सिलिंडरमध्ये ओलसर हवा शिरत नाही.

पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत चालवण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. घरापासून किमान २० फूट दूर, चारही बाजू उघड्या असलेल्या छपराखाली आणि धुराचे तोंड खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला ठेवूनच तो चालवावा. घराला जोडायचा असल्यास चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरच्या लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा) बसवून घ्यावा. तो नसेल तर उलट गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते.