मदत हवी आहे: पेराग्वेचा स्ट्रोसनर गेला, पण त्याचा पक्ष कसा टिकला?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासगटात मी पेराग्वेचा हुकूमशहा आल्फ्रेदो स्ट्रोसनर याच्यावर बोलणार आहे. चिलीचा हुकूमशहा पिनोशे याच्याबद्दल आपल्याकडे निदान थोडंफार लिहिलं-बोललं जातं. जवळजवळ 35 वर्षं देश मुठीत ठेवणाऱ्या या माणसाचं मात्र कुणी नावही घेत नाही.

तो वर कसा आला, ते कळतंय. बोलिव्हियाविरुद्धच्या चाको युद्धात लढलेला हा तोफखान्याचा अधिकारी 1954 मध्ये बंड करून सत्तेवर आला आणि त्याने लष्कर, सरकार व कोलोरादो पक्ष यांची मोट बांधली. साध्या शिक्षकालाही नोकरीसाठी पक्षाचं सदस्यत्व लागायचं. एकीकडे दर 90 दिवसांनी आणीबाणी वाढवायची आणि दुसरीकडे ठरल्या वेळी निवडणूक घेऊन जिंकायची, असा कारभार.

माझं घोडं अडलंय ते पतनापाशी. 2 फेब्रुवारी 1989 च्या रात्री ज्याने त्याच्याविरुद्ध रणगाडे बाहेर काढले, तो जनरल आंद्रेस रोद्रिगेस त्याचा व्याहीच! त्याची मुलगी स्ट्रोसनरच्या धाकट्या मुलाला दिलेली. 1987 च्या पक्ष अधिवेशनात स्ट्रोसनरच्या कट्टर समर्थकांनी जुन्या मंडळींना बाहेर काढलं, पुढे रोद्रिगेसलाच निवृत्त करायचं घाटत होतं, इथवर समजलं. पण मे महिन्यात हाच रोद्रिगेस त्याच कोलोरादो पक्षातर्फे निवडून येतो आणि पक्ष थेट 2008 पर्यंत सत्तेत राहतो. मग याला हुकूमशाहीचा अंत म्हणायचं, की घरातली भाऊबंदकी?

दुसरीकडे, स्ट्रोसनरच्या काळातल्या अटका आणि छळाच्या नोंदी असलेले पोलिसांचे कागद बाहेर आले तेही याच पक्षाच्या राजवटीत. डिसेंबर 1992 मध्ये राजधानी आसुन्सियोनजवळ लांबारेच्या पोलीस ठाण्यात मार्तिन आल्मादा आणि एका न्यायाधीशांना कागदांचे ढीगच्या ढीग सापडले. आल्मादा स्वतः शिक्षक. 1974 मध्ये त्यांचा छळ चालू असताना त्यांच्या किंकाळ्या पोलिसांनी फोनवरून त्यांच्या बायकोला ऐकवल्या. ती त्यातच गेली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आणि स्ट्रोसनर? ब्राझीलमध्ये आश्रय घेऊन 2006 मध्ये, वयाच्या 93 व्या वर्षी वारला. खटल्याला त्याला कधीच उभं राहावं लागलं नाही.

लॅटिन अमेरिकेचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सांगावं: 1988 मधली पोपची भेट आणि चर्चचा विरोध यांचा या पतनात कितपत वाटा होता? की सगळा खेळ बराकीतलाच? इंग्रजीतलं एखादं चांगलं पुस्तक सुचवलंत तरी चालेल. स्पॅनिश मला येत नाही.