'इदो' म्हणजे भाषा की पिल्लू?

प्रश्न : एस्पेरांतो या कृत्रिम भाषेच्या कोशात 'इदो'चा अर्थ 'अपत्य, पिल्लू' असा आहे. इदो नावाची भाषाही आहे. लॅटिनमध्ये 'कालिदो', 'फ्रिगिदो' दिसतात. सगळ्यांचं मूळ एकच का?

उत्तर १ : लॅटिन आधी बाजूला काढा. 'कालिदुस' म्हणजे गरम आणि 'कालिदो' हे त्याचंच विभक्तीचं रूप. अपत्याशी काही संबंध नाही. खरं मूळ ग्रीक '-इदेस'. ग्रीक पुराणातल्या पेलेउसचा मुलगा अकिलीस तो 'पेलीदेस', जसा कुंतीचा कौंतेय. लॅटिन कवींनी हा प्रत्यय ग्रीकमधून उचलला. प्राणिशास्त्रातल्या 'फेलिडी' (मार्जारकुळ) मधला '-इडी' त्याच घराण्यातला.

एस्पेरांतोत हा '-इद-' प्रत्यय फार कामाचा. मराठीत वासरू, कोकरू, करडू, शिंगरू असे वेगवेगळे शब्द पाठ करावे लागतात. तिथे बोवीदो, शाफीदो, काप्रीदो, चेवालीदो. मूळ शब्द आला की पिल्लू आपोआप आलं.

उत्तर २ : भाषेच्या नावाचं थोडं. १९०७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय भाषा निवडणाऱ्या समितीपुढे एस्पेरांतोत सुधारणा सुचवणारा मसुदा आला, त्यावर लेखक म्हणून 'इदो' एवढंच टोपणनाव होतं. म्हणजे एस्पेरांतोचं अपत्य. तेच भाषेला चिकटलं.

गंमत अशी की इदोत या प्रत्ययाचा अर्थ आखडला. तिथे तो फक्त वंशजासाठी : 'सेमीदो', बायबलमधल्या शेमचा वंशज. पिल्लासाठी वेगळा '-युन-', वासरू म्हणजे 'बोवयूनो'. एस्पेरांतोच्या सवयीने इदोत 'बोवीदो' लिहिलंत तर वासराऐवजी 'गोवंशातला वंशज' असं काहीतरी विचित्र होतं. माझ्या मते ही फोड चांगली. म्हातारा वंशजही वंशजच असतो, पिल्लू नसतो.

प्रश्नकर्ता : मग एस्पेरांतोतले 'विदो', 'रीदो', 'आत्सीदो' कोणाची पिल्लं?

उत्तर १ : कोणाचीच नाहीत. शेवटचा '-ओ' काढा, मग '-इद' काढा. उरलेल्याला प्राण्याचा किंवा माणसाचा अर्थ नसेल तर प्रत्यय नाही. 'विद'मधून 'व' उरतो, म्हणजे 'विद' हीच धातू : पाहणं. 'रीदो' हसू, 'आत्सीदो' आम्ल.

प्रत्ययांचा क्रमही सांभाळा. '-इन-' हा स्त्रीलिंगी प्रत्यय. रेजो राजा, रेजीदो राजाचं मूल, 'रेजिदीनो' राजकन्या. 'रेजिनीदो' लिहिलंत तर राणीचं मूल, मुलगा की मुलगी ते कळणार नाही.