चार पर्याय, पैसे एकापुरतेच. क्रम जोड्या लावून ठरवावा का?

बेदाणेवाला, तासगाव
घरचा बेदाण्याचा धंदा. यंदा एकाच कामापुरते पैसे आहेत आणि मतं चार: कलर सॉर्टर (रंगावरून बेदाणे वेगळे करणारं यंत्र), स्वतःचं शीतगृह, पाव-अर्ध्या किलोची पाकिटं, नाहीतर सांगलीत नदीकडच्या बाजूला स्वस्तात मिळणारं गोदाम. बैठकीत मोठ्यानं बोलेल त्याचंच खरं ठरतं, हे मला पटत नाही. एका वेळी दोनच पर्याय समोर घ्यावेत, सरस कोणता ते प्रत्येकानं आपापल्या कागदावर लिहावं. चार पर्यायांच्या सहाच जोड्या होतात. जास्त वेळा जिंकेल तो पहिला.

अडत दुकान, सांगली
साफ नामंजूर. सरस म्हणजे कशात सरस? वडील बघणार पैसा किती महिने अडकतो, तुम्ही बघणार भाव, धाकटा बघणार नाव. त्या खुणांची बेरीज करून काय हाती लागणार?
शीतगृहाचंच घ्या. बेदाणा बाहेर राहिला की काळवंडतो, थंडीत रंग टिकतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला तयार झालेला माल दिवाळीच्या मागणीपर्यंत धरता येतो. पण ही सोय भाड्यानं मिळते, तासगावात नि सांगलीत शीतगृहं आहेतच. मग स्वतःच्या भिंतींत पैसा का घालायचा? उलट सॉर्टरनं रंग नीट वेगळे झाले की फरक पुढच्याच सौद्यात दिसतो. हे जोड्यांच्या कागदावर कुठं उमटणार?

बेदाणेवाला, तासगाव
उमटेल, आधी निकषांच्याच जोड्या लावल्या तर. गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात हेच मांडलं: निकष एकमेकांशी ताडायचे, १ ते ९ मध्ये वजन द्यायचं, मग त्या वजनानं पर्याय मोजायचे. एकाच माणसाची मतं एकमेकांशी जुळतात का, हेही त्यात तपासता येतं.

कृष्णाकाठ, हरिपूर
दादा, वजनं द्यायच्या आधी चाळणी लावा. आमच्याकडं हळद साठवायची जमिनीखालची पेवं पिढ्यान् पिढ्या चालली, २००५च्या पुरानं त्यातली कितीतरी निकामी झाली. २०१९ला पाणी कुठवर आलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पूररेषेतलं गोदाम स्वस्ताईत नऊ गुण घेईल, एकूण क्रमात वरही येईल, आणि एका ऑगस्टमध्ये माल सडेल. अशा पर्यायाला गुण द्यायचेच नाहीत, यादीतूनच काढायचा.

अडत दुकान, सांगली
हे शंभर टक्के मान्य. पण जोड्यांचा पेच राहतोच. घरातल्या तिघांच्या बहुमतानं सॉर्टर शीतगृहाला हरवतो, शीतगृह पाकिटांना आणि पाकिटं सॉर्टरला, असं खुशाल होऊ शकतं. फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्सेनं १७८५मध्येच हे दाखवलंय. मग पहिला कोण?

बेदाणेवाला, तासगाव
असं चक्र आलं तर निदान कळेल की भांडण पर्यायांचं नाही, निकषांचं आहे. आज तेवढंही कळत नाही. गोदाम काढलं. शीतगृहही काढतो, भाड्याचा मुद्दा पटला. उरली एकच जोडी, सॉर्टर की पाकिटं.

अडत दुकान, सांगली
मग जोड्या लावायच्या आधीच अर्धी यादी गेली की! आता एवढंच विचारा: पाकिटांचा माल दुकानदार उधारीवर उचलणार, ते पैसे पुढच्या हंगामाच्या खरेदीआधी हातात येतील का? येत नसतील तर सॉर्टर.