मदत हवी आहे: जुन्या बोटीचे रॉड होल्डर बदलायचेत, पण मागे हातच पोचत नाही

रेवदंड्याचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. गेल्या दिवाळीनंतर एक वापरलेली फायबरची बोट घेतली, १८ फुटी, मागे ४० एचपीची टू-स्ट्रोक यामाहा. इंजिन झकास आहे, बाकी सगळं "साहेब, थोडं काम करून घ्या" या प्रकारातलं. सध्या बोट रेवदंड्याला खाडीच्या काठावर ताडपत्री टाकून शाकारलीय, १ जूनपासून मासेमारीबंदी आहे आणि तशीही या दर्यात जायची माझी टाप नाही. तर म्हटलं नारळी पौर्णिमेच्या आत रॉड होल्डरचं (गळाचा रॉड खोचायच्या नळ्यांचं) काम उरकून टाकू.

झालं असं की एप्रिलमध्ये कोर्लईच्या किल्ल्यासमोर आम्ही सुरमईसाठी ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे गळ ओढत नेणं) करत होतो, मी इंजिनवर, मेहुणा थर्मासमधला चहा ओततोय, आणि एकदम रील किंचाळलं. बघतो तर मागच्या उजव्या कोपऱ्यातला होल्डर कडेतून अर्धा वर आलेला, तीनातले दोन स्क्रू उपटलेले. मेहुण्याने चहा टाकून रॉड पकडला म्हणून वाचला, नाहीतर रॉड, रील, होल्डर सगळं दर्यार्पण. मासा अर्थातच गेला. चहाही गेला.

होल्डर चार आहेत, कडेत खाली बसवतात तसले, वरून फक्त चकती दिसते. चारही गंजलेत, चकतीभोवती तपकिरी ओघळ आलेत. आधीच्या मालकाने ते साध्या स्क्रूने ठोकलेत, खालून नटबोल्ट काही नाही. नवीन घेतले तर त्यांची चकती थोडी लहान भरतेय, म्हणजे स्क्रूची जुनी भोकं उघडी राहणार. शिवाय कडेच्या खाली आतून फायबरचं पॅनेल आहे, नट धरायला हात जातच नाही. जुनी भोकं कशाने बुजवू? नटबोल्ट लावायचे तर मागे पोचू कसं? आणि नळी १५ डिग्री तिरकी असलेले घ्यायचे का ३० चे, दुकानदार म्हणतो कुठलेही चालतील. फोटो जोडलेत.

तंगूस

फोटोचा गणेशा झालाय, दिसत नाहीत. पण कळलं. एवढं काय त्यात, एक साइझ जाड स्क्रू घ्या, भोकात सिलिकॉन भरा, पिळा. माझ्या होडीवर दोन वर्षं तसेच आहेत. आमच्याकडचे तांडेल तर पीव्हीसी पाईप दोरीने बांधतात नि त्यात काठी खोचतात, ते पण मासे आणतातच की.

खाडीकाठचा

तंगूसभाऊ, पाईप दोरीने बांधला तर ताण सगळ्या कठड्यावर वाटला जातो, स्क्रूवर नाही, म्हणून तो टिकतो. त्यात काहीच वाईट नाही. पण सिलिकॉन नको हो. एकदा फायबरला सिलिकॉन चोपडलं की पुढे त्यावर ना रंग धरत ना दुसरं सीलंट, सँडिंग करून करून जीव जातो.

भाडेकरू, होल्डरचं राहू दे, आधी एक सांगा. तुमच्या बोटीची कड नुसती फायबरची आहे का आत प्लायवूड आहे? आपल्याकडच्या बऱ्याच बोटींना वर फायबर, खाली फायबर आणि मध्ये प्लाय असतो. स्क्रू त्या प्लायमध्येच धरलेले असतात, आणि स्क्रूभोवती पाणी झिरपून प्लाय कुजला की स्क्रू उपटतो. म्हणजे तुमचा होल्डर गंजल्याने निघाला नसावा, खालचं लाकूड गेलं असणार. एक रुपयाचं नाणं घ्या आणि होल्डरभोवती टकटक करत फिरा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे लाकूड ओलं किंवा सुटलेलं. मग एक होल्डर काढून भोकाच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक खुपसून बघा.

रेवदंड्याचा_भाडेकरू

शनिवारी जाऊन आलो. उजव्या बाजूला दोन्ही होल्डरभोवती बद्द आवाज, साधारण तळहाताएवढ्या जागेत. डावीकडे टणक. उजवा मागचा पूर्ण काढला तर आत प्लायच आहे, आणि भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं, स्क्रूड्रायव्हर भिजलेल्या पावात जावा तसा इंचभर आत गेला. शिव्या कोणाला घालायच्या तेच कळेना, कारण बोट घेताना मीच नीट बघितली नाही.

अजून एक, होल्डरची नळी खालून उघडी होती. म्हणजे पावसाचं, लाटेचं सगळं पाणी नळीतून सरळ कडेच्या पोटात.

नटबोल्ट

उघडी नळी हाच तुमचा मूळ चोर आहे. नवीन घेताना खालून बंद टोपण असलेले आणि टोपणाला ड्रेनची चोच असलेले घ्या. चोचीला पाईप लावून पाणी बाहेर काढायचं. टोपण आहे पण ड्रेन नाही असले घेऊ नका, त्यात पाणी साचून रॉडची मूठ कुजते.

आता नुसत्या स्क्रूने का भागत नाही त्याचं ढोबळ गणित. ड्रॅग (रीलचा ब्रेक) ८ किलोवर आहे आणि रॉडचं टोक होल्डरपासून दीड मीटर लांब, म्हणजे १२ किलोग्रॅम-मीटरचा पीळ. चकतीवरचे स्क्रू एकमेकांपासून ८ सेंमी. १२ भागिले ०.०८ म्हणजे १५० किलोची उपट. नळी भोकाच्या भिंतीला टेकते म्हणून प्रत्यक्षात कमी येईल, पण मासा झटका देतो तेव्हा जास्त. कुजलेल्या प्लायमधला स्क्रू एवढं कसं धरणार? आरपार एम६ (६ मिमी जाड) बोल्ट आणि मागे ताण पसरवणारी बॅकिंग प्लेट, दुसरा इलाज नाही.

प्लेट अॅल्युमिनियमची नको, स्टेनलेस बोल्ट आणि खारं पाणी मिळून अॅल्युमिनियम खाऊन टाकतात. मुंबईत लोहार चाळीत इलेक्ट्रिकल इन्सुलेशनवाल्यांकडे ग्लास इपॉक्सी शीट मिळते, ६ मिमीची घ्या. बोल्ट तिथेच नागदेवीला ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे मागून घ्या. चुंबक लावून ३०४ का ३१६ ते कळत नाही, दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही, आणि स्वस्तातल्या २०२ लाही नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते तपासायचं केमिकल स्टीलवाल्यांकडे असतं, थेंब टाकून दाखवा म्हणायचं. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) हाताने सावकाश आवळा, ड्रिलने गरगर फिरवलात की स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतं, मग बोल्ट कापूनच काढायचा.

खाडीकाठचा

कुजलेल्या भागाचं सांगतो, गेल्या वर्षी हेच भोगलंय. कडेचं वरचं फायबर शाबूत ठेवायचं आणि भोकातून वाकडी सळई, जुना स्क्रूड्रायव्हर, काय मिळेल ते घालून आतला मऊ प्लाय कोरून काढायचा, टणक लाकूड लागेपर्यंत. मग वाळवायचं, आणि पावसाळ्यात तीच खरी गोम आहे. मी ताडपत्रीखाली १०० वॅटचा बल्ब भोकाजवळ टांगून आठवडाभर ठेवला होता, मधूनमधून बघत होतो. ओल्या लाकडावर इपॉक्सी टाकलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

वाळलं की आधी पातळ इपॉक्सी ब्रशने आत चोपडा, ते चिकटसर असतानाच जाड केलेलं इपॉक्सी कोंबून भरा. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे पण जुन्या लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, दुसरा हात द्यायच्या आधी तो पाण्याने घासून धुवायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून दोनदा काम केलं.

चकतीबाहेर राहणारी स्क्रूची भोकं त्याच इपॉक्सीने भरा. वरून पॉलिएस्टर जेलकोट (फायबरचा वरचा चकचकीत थर) नीट धरेलच असं नाही, पॉलियुरेथेन रंग मारा. बोल्टची नवीन भोकं पाडताना तोंडाशी मोठ्या बिटने हलकी खाच करा, जेलकोटला तडे जात नाहीत आणि सीलंट तिथे रिंगसारखं बसतं.

तंगूस

बरं बाबा, सिलिकॉन नाही. मग काय लावायचं, ३एम कंपनीचं ५२०० सीलंट का?

नटबोल्ट

५२०० लावलंत की होल्डर परत काढताना चकतीबरोबर जेलकोट पण येतो. होल्डर कधीतरी बदलावे लागणारच, म्हणून ४२०० किंवा सिकाफ्लेक्स २९१. ही सगळी हवेतल्या ओलाव्यावरच सुकतात, त्यामुळे पावसाळा त्यांना मानवतो, फक्त जागा कोरडी आणि अॅसिटोनने पुसलेली हवी. आणि बोल्ट इतके आवळू नका की सगळं सीलंट बाहेर येईल.

डिग्रीचं म्हणाल तर दुकानदाराला माल खपवायचाय. मागच्या कोपऱ्यात ३० चे, बाहेर तिरके, म्हणजे दोन्ही गळ एकमेकांपासून लांब राहतात आणि वळताना गुंतत नाहीत. पुढच्या दोन जागी १५ चे. ३० ची नळी जास्त तिरकी जाते म्हणून भोक जास्त लांबट लागतं, एवढं लक्षात ठेवा.

रेवदंड्याचा_भाडेकरू

सगळ्यांचे आभार. पण मागे हात कसा घालू ते राहिलंच.

खाडीकाठचा

आतल्या पॅनेलला होल्डरच्या समोर ६ इंची गोल भोक पाडा आणि पिळायचं प्लास्टिकचं झाकण बसवा. हात आत जातो, पुढे ड्रेनचा पाईप बघायलाही तेच उपयोगी. बॅकिंग प्लेट त्यातून जात नसेल तर दोन तुकड्यात कापा, नळीच्या दोन बाजूंनी बसवा. नट स्पॅनरला चिकटपट्टीने चिकटवून आत न्या. पाडायच्या आधी आतून वायर जात नाहीत ना ते बघा, मी नेव्हिगेशन लाइटची वायर कापली होती.

रेवदंड्याचा_भाडेकरू

(तीन आठवड्यांनी) अपडेट देतोय. डावीकडचे दोन झाले, बोल्ट, प्लेट, झाकण सगळं. काल मेहुण्याला रॉड होल्डरमध्ये खोचून जोरात ओढायला लावलं, कड हलली नाही, बोट मात्र ठोकळ्यावरून सरकेल असं वाटलं म्हणून थांबवलं. उजव्या मागच्याचा प्लाय बल्ब लावून वाळला, इपॉक्सी भरलंय. उजवा पुढचा अजून ओलाच आहे, हाताचं बोट आत घातलं की गार लागतं. दहा दिवस बल्ब चालू, त्यात गावात लाइट अर्धा दिवस नसते. तो यंदा राहू देतो, भोकावर तात्पुरती चकती सीलंटने चिकटवतो आणि तीन होल्डरवरच काढतो सीझन. चकतीखाली ओल कोंडली जाईल का हो, का थोडी उघडी ठेवू?

खाडीकाठचा

दर्यात जाताना बंद, किनाऱ्यावर आल्यावर उघडी. चिकटवू नका, सायकलच्या ट्यूबचा गास्केट कापून दोन स्क्रूवर धरा. दिवाळीनंतर उन्हात आठ दिवसांत वाळेल, तेव्हा भरा.