अमेरिकेतील महाविद्यालयांत ‘लेगसी’चे वजन नेमके किती?

प्रश्न

नमस्कार. आमची मुलगी अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असून सध्या पदवीच्या प्रवेशासाठी अर्ज भरत आहे. आई-वडील कोणत्या महाविद्यालयात शिकले, या रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, “बाबा, माझ्या अर्जात तुमच्या कॉलेजचे काय काम?” आम्ही दोघेही भारतात शिकलो, त्यामुळे त्या रकान्याचा तिला काहीच उपयोग नाही. तिच्या वर्गातील एका मुलाचे वडील आणि आजोबा मात्र ज्या विद्यापीठात शिकले, तिथेच तो अर्ज करतो आहे, आणि दोघांचे गुण जवळपास सारखे आहेत. आपण ज्याला वशिला म्हणतो तोच हा प्रकार आहे का, आणि त्याने निकाल खरोखर फिरतो का?

पहिले उत्तर

वशिला दाराआड लावला जातो. लेगसी, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मुला-नातवंडांना प्रवेशात दिले जाणारे झुकते माप, हे जाहीर धोरण आहे, आणि म्हणूनच त्याचे वजन मोजता आले. हार्वर्डवरील खटल्यात, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला, प्रवेशाची आकडेवारी न्यायालयापुढे आली. तीनुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना प्रवेश मिळत होता, तर इतर अर्जदारांपैकी सुमारे ६ टक्क्यांना. हा सगळा फरक केवळ नात्यामुळे पडतो असे म्हणता येणार नाही, कारण अशा घरांतील मुलांची तयारीही सरासरीने अधिक चांगली असते. परंतु २०२३ मध्येच अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्ही लीग या पूर्वेकडील नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातील आठ विद्यापीठे आणि त्यांच्या तोडीची आणखी चार अशा बारा संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातील एक गोष्ट मला निर्णायक वाटते. लेगसी उमेदवाराला मिळणारा मोठा लाभ फक्त पालकांच्याच विद्यापीठात दिसतो. तोच मुलगा त्याच दर्जाच्या दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करतो तेव्हा तो लाभ बहुतांशी नाहीसा होतो. केवळ गुणवत्तेमुळे प्रवेश मिळत असता, तर ती गुणवत्ता दुसऱ्या दारातही तितकीच दिसली असती.

या प्रथेचे मूळही विसरू नये. १९२० च्या दशकात परीक्षेच्या गुणांवर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने प्रवेश मिळवू लागले, तेव्हा पूर्वेकडील नामांकित महाविद्यालयांनी ‘चारित्र्य’ आणि माजी विद्यार्थ्यांशी नाते हे निकष पुढे आणले. आज हेतू बदलला असेल, पण ज्यांच्या आजोबांना त्या काळी तिथे प्रवेशच नव्हता, त्यांच्या नातवंडांना तो रकाना अजूनही रिकामाच सोडावा लागतो.

दुसरे उत्तर

मी स्वतः अशाच एका महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी आहे आणि माझे शिक्षण तिथे पूर्णपणे आर्थिक मदतीवर झाले. ती मदत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येते आणि पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली कुटुंबे अधिक देतात, असे महाविद्यालये सांगतात. माझ्यासारख्याला ते सहज धुडकावून लावता येत नाही.

तिसरे उत्तर

आपली कृतज्ञता समजते, पण अनुभव वेगळेच सांगतो. एमआयटी आणि कॅलटेक लेगसी पाहत नाहीत, तरीही त्यांना देणग्यांची वानवा नाही. जॉन्स हॉपकिन्सने ही पद्धत बंद केली आणि जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर केले. २००९ मध्ये तिथे नव्याने प्रवेश घेणाऱ्यांपैकी १२.५ टक्के लेगसी होते, ते २०१९ मध्ये ३.५ टक्क्यांवर आले, आणि त्याच काळात अल्प उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या पेल अनुदानास पात्र विद्यार्थ्यांचे प्रमाण दुपटीने वाढले. पुढे २०२१ मध्ये अ‍ॅमहर्स्टने आणि २०२३ मध्ये वेस्लियननेही तोच निर्णय घेतला. कोलोरॅडो आणि व्हर्जिनिया यांनी सरकारी विद्यापीठांत कायद्याने बंदी घातली, तर कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांनाही कायद्याच्या कक्षेत आणले.

प्रश्नकर्त्यांना एक उपयोगाची गोष्ट सांगतो. बहुतेक महाविद्यालये दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. त्यातील सी७ या तक्त्यात माजी विद्यार्थ्यांशी असलेल्या नात्याला किती महत्त्व दिले जाते ते लिहिलेले असते: अत्यंत महत्त्वाचे, महत्त्वाचे, विचारात घेतले जाते किंवा घेतले जात नाही. यादी पक्की करण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे ही नोंद करून ठेवावी. त्या वर्गमित्राचे वजन फक्त त्याच्या वडिलांच्या विद्यापीठात आहे. बाकीच्या ठिकाणी तो आणि आपली मुलगी जवळपास एकाच रांगेत उभे आहेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही तिघांनी बसून तिच्या यादीतील नऊ महाविद्यालयांचे सी७ तक्ते पाहिले. चार ठिकाणी हे नाते विचारातच घेतले जात नाही. उरलेल्या पाचांपैकी दोन तिने स्वतःहून काढली आणि तीन ठेवली, कारण तिला हवा असलेला विषय तिथे उत्तम शिकवला जातो. आमच्या भारतातील महाविद्यालयांची नावे मात्र तिने त्या रकान्यात पूर्ण लिहिली.