१२ वर्षं जुनी गाडी घेतोय, काय काय तपासू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आईला दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी हवी आहे, म्हणून १२ वर्षं जुनी पेट्रोल गाडी बघून आलो. मीटरवर ४८,००० किलोमीटर दिसतात, पण ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय आणि स्टिअरिंगचं कव्हर नवं कोरं आहे. मीटर मागे फिरवलं असेल का? सर्व्हिसच्या जुन्या नोंदी मागितल्या, तर मालक म्हणाले, 'शोधून ठेवतो.'

मी पोचलो तेव्हा बॉनेट आधीच गरम होतं. त्यामुळे गार इंजिन सुरू होताना निळा धूर येतो का (म्हणजे इंजिन तेल जाळतंय का), हे कळलंच नाही. पुन्हा जाईन तेव्हा आधी चालू करू नका म्हणून सांगणार आहे.

खरी काळजी पुढची आहे. ऑइलच्या झाकणाला आतून दुधट, चिकट थर होता. गाडी फक्त जवळपास फिरवली तरी वाफेमुळे असं होतं हे ऐकलंय, पण हेड गॅस्केट (इंजिनमधलं तेल आणि थंड ठेवणारं कूलंट एकमेकांत मिसळू न देणारं सील) गेलं असेल तर? दोन्हींतला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा? कूलंटची पातळी बरोबर होती, त्यात तेलाचा तवंग दिसला नाही.

टायरवर २३१४ छापलंय, म्हणजे २०१४ चा २३वा आठवडा. खाचा भरपूर आहेत, तरी इतके जुने म्हणून हे बदलायचेच धरून चाललोय. टायमिंग बेल्ट (इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलल्याचा पुरावा नसेल तर तोही खर्च धरावा ना?

डिकीतला गालिचा उचलून बघायचा राहिला. तिथे वेल्डिंग किंवा गंज दिसला तर सरळ नाही म्हणावं का? मेकॅनिकला रविवारी सोबत नेतोय, त्याला आणखी काय बघायला सांगू?